गालातली गोळी

परवा मुंबईहून एक तरुण गृहस्थ जव्हारला आले होते. खादीचा सदरा, बगलेत छापील पत्रकांचा गठ्ठा. गिरणीतल्या मजुरांनी संघ काढलाय, मजुराला आणि त्याच्या घरातल्या सगळ्यांना औषधपाणी मिळालंच पाहिजे अशी मागणी लावून धरलीय, असं बरंच काही सांगत होते. बोलले छान. मी मान डोलावत होतो. शेवटी मात्र म्हणाले, "तुमच्या डोंगरात अजून ही जाग आलेली नाही हो. इथल्या माणसाला एकी म्हणजे काय तेच ठाऊक नाही."

झालं! माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, "बसा खाली. चहा निवला तरी चालेल, पण ऐकून जा."

त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतोय. फागीला लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येतं ते तिच्याबद्दल कधी लिहायचे नाहीत. मग राहिलो मी. मी लक्ष्मण, जव्हारच्या बाजारात पुड्या बांधणारा कंपाउंडर. बारा वर्षांपूर्वी, मोठ्या तापाची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या हंगामात, मी सूर्यमाळच्या जंगलात एका कोळशाच्या ठेकेदाराकडे नोकरीला होतो. त्या नोकरीत मी एक मोठं पाप केलं. तेही सांगणार आहे, लपवणार नाही.

फागी सूर्यमाळच्या खालच्या अंगाच्या पाड्यातली. तेव्हा तिशीची असेल. ठेंगणी, काटक, डावी भुवई भट्टीच्या जाळानं कायमची उडालेली. त्यामुळे ती साधं बघत असली तरी समोरच्याला वाटायचं, ही बाई आपल्यावर संशय घेतेय. बहुतेक वेळा घेतच असायची म्हणा. पावसाळ्यात स्वतःच्या तुकड्यात नागली आणि भात, दिवाळीनंतर होळीपर्यंत कोळशाच्या भट्ट्या. घरात त्यांची बोली वेगळी. आमच्याशी बोलायची ती जोडूनजाडून मराठी, आणि त्या मराठीत 'तुम्ही' नव्हतंच. शेठ असो, फौजदार असो, गावदेव असो, सगळ्यांना 'तू'. ठेकेदाराचा मुनीम किनाऱ्याकडचा, मानपान जपणारा. त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

भट्टी म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडं उभी लावून गोल ढीग रचायचा, वर ओला पाला, त्यावर मातीचा जाड लेप, आणि मधल्या तोंडातून विस्तव. जाळ दिसता कामा नये. आतल्या आत लाकूड आठ-दहा दिवस धुमसायला हवं. लेपाला भोक पडलं आणि वारा शिरला की संपलंच, कोळशाऐवजी राख. म्हणून ओली माती घेऊन कोणीतरी सतत भोवती फिरत राहायचं. या राखणीत फागीच्या तोडीचं कोणी नव्हतं. लेपावर तळहात टेकवून सांगायची, "हितं उद्या फुटंल." आणि दुसऱ्या दिवशी तिथंच फुटायचं.

पण फागीच्या गळ्यात बिल्ला नव्हता. पत्र्याचा गोल बिल्ला, त्यावर आकडा ठोकलेला, सुतळीत ओवून गळ्यात घालायचा. तो फक्त कुऱ्हाड चालवणाऱ्यांना. लाकूड वाहणाऱ्या, पाला आणणाऱ्या, माती लिंपणाऱ्या, भट्टी राखणाऱ्या बायका म्हणजे नवऱ्याच्या मागून आलेल्या. त्यांना कसला बिल्ला!

आणि बिल्ला नाही तर गोळी नाही. ठेक्याच्या कागदात कलम होतं की ठेकेदारानं मजुरांच्या औषधाची सोय ठेवावी. त्यासाठी शेठनं हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांची पत्र्याची पेटी घेतली आणि ती वाटायला मला ठेवलं. मजूर म्हणजे कोण, हे ठरवलं मुनीमानं. बिल्ला दाखवायचा, ताप असेल तर गोळी घ्यायची, तिथंच समोर गिळायची. घरी न्यायची नाही.

कार्तिक सरला आणि हिवतापानं पाडे झोपले. एक दिवस फागी पोरीला कडेवर घेऊन आली. रुपी सात वर्षांची, एकुलती एक. आधीची दोन मोठ्या तापात गेलेली. पोरगी हुडहुडत होती, दात वाजत होते.

"गोळी दे," फागी म्हणाली.

मुनीम म्हणाला, "बिल्ला?"

फागी मागे वळली, नवऱ्याच्या गळ्यातली सुतळी धरून त्याला पुढे ओढलं. "हा घे बिल्ला. नवरा लोंबतोय त्याला."

सगळे हसले, ढवळूसुद्धा हसला. ढवळू साधा, हसरा, बायकोच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस. मुनीम हसला नाही. "ज्याचा बिल्ला त्याला गोळी. पोरगी काय लाकूड तोडते?"

"ताप बिल्ला इचारून येतो काय रं?"

मुनीमानं हात हलवला, पुढचा माणूस बोलावला. मी त्याच्या हातावर गोळी ठेवली. पगार खात होतो ना!

आठवड्याभरात मला एक चमत्कारिक गोष्ट दिसायला लागली. संध्याकाळी काम सुटलं की माणसं माझ्यापुढे रांगेनं यायची. रांगेत असेपर्यंत चेष्टामस्करी, खाणाखुणा, तंबाखूची देवाणघेवाण. गोळी तोंडात पडली की माणूस मुका. कोणी एक शब्द बोलायचा नाही. एकामागून एक, ओठ मिटून, झपाझप पाड्याच्या वाटेला लागायचे. मला वाटलं, कडू औषध, तोंड वाकडं होत असेल. मुनीमाला वाटलं, माज आलाय.

त्या माजाचा उलगडा ढवळूच्या गालावर झाला. मुनीमानं त्याला विचारलं, "उद्या लाकूड किती तोडणार?" ढवळूनं मान हलवली. "अरे, बोल ना! वाचा गेली का?" ढवळूनं पुन्हा मान हलवली. मुनीमानं फाडकन थोबाडीत मारली, आणि ढवळूच्या तोंडातून पळसाच्या पानाचा एवढासा तुकडा बाहेर पडला. त्यात गुंडाळलेली गोळी. जशीच्या तशी.

सगळे तेच करत होते. तोंडात आधीच पान, गोळी आली की जिभेनं पानात सरकवायची, गालात दाबायची, आणि विरघळायच्या आत घर गाठायचं. अर्ध्या कोसाचा चढ तोंड मिटून. घरी पोरगं, आई, भाऊ, जो कोणी तापानं पडलेला असेल त्याच्या तोंडात ती गोळी. कित्येक जण स्वतः तापात होते, तरीही.

मला तेव्हा काय वाटलं सांगू? शरम? छे! मला राग आला. औषधाची मात्रा पुरी पोटात गेली नाही तर उपयोग शून्य, हे मला पाठ होतं. हे अडाणी लोक औषध फुकट घालवतायत असं वाटलं. म्हणून मी, या लक्ष्मणानं, आपण होऊन मुनीमाला सुचवलं, "गोळी पाण्यात विरघळवून द्या. मग कोणी गालात ठेवणार नाही." हेच ते पाप. मुनीम खूश झाला. त्यात त्यानं स्वतःची भर घातली. पाणी प्यायचं, मग मोठ्ठा आ करायचा, जीभ बाहेर काढायची आणि मोठ्यानं आपलं नाव सांगायचं.

पहिल्या संध्याकाळी ढवळूची पाळी आली तेव्हा फागी पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन तिथंच उभी होती. बाजारात बैलाचे दात बघतात तसा मुनीम तिच्या नवऱ्याच्या तोंडात वाकून बघत होता. ढवळूनं नाव सांगितलं. मुनीम म्हणाला, "मोठ्यानं." ढवळूनं पुन्हा सांगितलं. तो हसत नव्हता.

फागीनं भारा खाली टाकला आणि माझ्याकडे आली. "पाण्याची युक्ती कोणाची?"

खोटं बोलायला जीभ वळली नाही. "माझी."

"हुशार हायस रं तू, लक्षुमन," ती म्हणाली आणि गेली. तिनं पायातलं हाणलं असतं तरी मला इतकं लागलं नसतं.

पुढचं मला ढवळूनं नंतर सांगितलं. त्याच आठवड्यात बारक्या भगताच्या अंगणात पाड्यातली सगळी माणसं जमली. कोणी म्हणालं, पेटी फोडू. फागी म्हणाली, "फोडून किती दिस पुरंल?" कोणी म्हणालं, काम बंद करू. तर दुसरा म्हणाला, शेठ घाटाखालून दुसरी माणसं आणील. शेवटी फागीच बोलली, "शिव बांधू."

शिव बांधणं ही तिकडची जुनी रीत. गावात साथ शिरली की भगत पाड्याच्या वेशीवर दोन झाडांना भाताच्या पेंढ्याची दोरी बांधतो, आंब्याची पानं लावतो, कोंबडं देतो. मग पाच दिवस कोणी बाहेर जायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही, आणि लाकडाला कुऱ्हाड लावायची नाही. बांधलेली शिव मोडणारा साथ अंगावर घेतो असं सगळा मुलूख मानतो. 'संप' हा शब्द तिथं कोणी ऐकला नव्हता, ऐकायची गरजही नव्हती.

बारक्या भगत बिचकला. म्हातारा देवाला भिणारा. "फागे, शिव देवीसाठी बांधतात. शेठसाठी नाय बांधत. देवीला फशिवणं झालं ते."

"पाड्यात ताप हाय का नाय?"

"हाय."

"माणसं मरतात का नाय?"

"मरतात."

"मंग बांध! फशिवणं कसलं त्यात?"

बारक्यानं देवीला हात जोडले. मग म्हणाला, "उद्या बांधतो."

"उद्या नको," फागी म्हणाली. "नऊच्या नऊ भट्ट्या पेटू दे."

बाई काय डोक्याची होती बघा! पुढचे चार दिवस सगळे निमूटपणे कामाला आले, आ करून नावं सांगत राहिले. मुनीम मला म्हणाला, "बघा, वठणीवर आले." पाचव्या सकाळी नऊ भट्ट्या धुमसत होत्या आणि भोवती चिटपाखरू नव्हतं. आम्ही दोघं पाड्याकडे गेलो. वेशीवर पेंढ्याची दोरी ताणलेली होती, आणि तिला आंब्याच्या पानांमध्ये बांधलेले ते बिल्ले. सगळ्यांचे. वारा आला की पत्रा पत्र्यावर वाजत होता.

दोरीच्या पलीकडे फागी उभी. "गोळी सगळ्यांना दे. बिल्ला नाय इचारायचा. बाई, म्हातारं, पोर, जो तापंल त्याला. पेटी पाड्यात ठेवायची. मंग येतो."

"आणि नाही दिली तर?"

फागीनं भट्ट्यांच्या धुराकडे हनुवटी केली. "मंग तू राख."

मुनीमानं मोखाड्याहून एक शिपाई आणला. इकडचाच माणूस. त्यानं दोरी बघितली, पायातल्या वहाणा काढल्या, हात जोडले आणि मुनीमाला म्हणाला, "शिव बांधलीय मालक. मी नाही ओलांडायचा. मला लेकरंबाळं आहेत." आणि आल्या वाटेनं गेला. मला तोंड फिरवून हसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पहिली भट्टी फुटली. मुनीम, मी आणि दोन गाडीवान अशी आमची फौज चिखल घेऊन धावली. एक भोक बुजवावं तर दुसरं उघडायचं. मुनीमाच्या धोतराला जाळ लागला, गाडीवानानं त्याच्यावर अख्खी घागर रिकामी केली. तोवर लेप खाली बसला आणि भट्टी घरासारखी पेटली. संध्याकाळपर्यंत तिची राख झाली आणि दुसरीला भोकं पडायला लागली. तेव्हा कुठं मुनीमाच्या तोंडचं पाणी पळालं.

तिसऱ्या दिवशी तो सौद्याला उतरला. मी पेटी घेऊन मागे. दोरीच्या आत सगळा पाडा उभा. मुनीम म्हणाला, "बिल्लेवाल्याला देऊ, त्याच्या बायकोला देऊ, पोरांनाही देऊ. आणखी काय पाहिजे?"

माणसांत कुजबुज झाली. हे थोडंथोडकं नव्हतं. ढवळूनं फागीचा दंड धरला. "घे ना गं. रुपी वाचंल." रुपी दोन दिवस बरळत होती, आईला ओळखत नव्हती, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं.

फागी म्हणाली, "पोशीला?"

"कोण पोशी?"

मागून एक वाळकी म्हातारी पुढे झाली. पोशीच्या घरातले सगळे कर्ते मोठ्या तापात गेले होते. उरला होता चार वर्षांचा नातू, जिवा. तो तिच्या खांद्यावर मान टाकून पडला होता.

मुनीमानं विचारलं, "हिच्या घरचं कामाला कोण आहे?"

"कोणी नाय."

"मग कशी देणार? कुठंतरी रेघ मारायला नको का?"

"मार," फागी म्हणाली. "ही दोरी हायच की. आतले सगळे एक." आणि ती दोरीपाशी मांडी घालून खाली बसली. तिच्यामागे बायका बसल्या, मग पुरुष बसले. ढवळू सगळ्यांत शेवटी बसला.

मुनीम तणतणत गेला. मी मुद्दाम मागे राहिलो. खिशात सहा गोळ्या चोरून आणल्या होत्या. दोरीखालून मूठ पुढे केली. "फागे, घे. रुपीसाठी. कोणाला कळणार नाही."

"किती?"

"सहा."

"पाड्यात बावन पडलीत."

"अगं बाई, तुझी पोरगी मरेल!"

तिचा चेहरा पिळवटला. मी तिला रडताना तेवढं एकदाच पाहिलं. पण हात पुढे आला नाही. "आमचे आमी चोरून नेतच होतो," ती म्हणाली. "गालातून. ते तू बंद केलंस. आता चोरून नाय घ्यायची. जा तू."

मी मूठ मिटून परत आलो. मला तिचा इतका संताप आला की वाटेत मी दगडाला लाथ मारली. हट्टी, निर्दय बाई! पोटच्या पोरीपेक्षा हट्ट मोठा? आणि संताप ओसरला तेव्हा कळलं की मी माझ्यावरच चिडलोय. गालातून जाणारी गोळी मीच बंद केली होती.

पाचव्या दिवशी पहाटे जिवा गेला. पोशीचा.

उजाडलं तसा पाड्यात गोंधळ झाला, हेही ढवळूनंच सांगितलं. ज्याच्यासाठी अडून बसलो तोच गेला, आता कशाला, सोडा ती दोरी, असं माणसं उघड म्हणायला लागली. फागी जिवाच्या मढ्यापाशी बसली होती. लोक तिच्याकडेच बघत होते, आणि त्या नजरा काही चांगल्या नव्हत्या. तेवढ्यात पोशी उठली. तिनं जिवाच्या कमरेचा काळा करदोडा सोडला, वेशीवर गेली आणि दोरीला, बिल्ल्यांच्या मध्ये, तो बांधला. तिच्याकडे बांधायला बिल्ला नव्हता.

"आता कोणी सोडायची नाय," म्हातारी म्हणाली. फागीनं मढ्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "सगळ्यांना. नायतर कोणालाच नको."

मग मात्र दोरीला कोणी हात लावला नाही.

त्या दुपारी शेठ स्वतः कसाऱ्याहून चढून आला. जाणता व्यापारी. आल्या आल्या भट्ट्यांकडे गेला. नऊपैकी पाच राख झाल्या होत्या, चार तेवढ्या शिल्लक. मुनीमाला त्यानं सगळ्यांदेखत काय काय सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. मग वेशीवर आला. "बोला, काय पाहिजे?"

फागीनं तेच सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

"दिलं," शेठ म्हणाला. "पेटी घ्या, पाड्यात ठेवा. आता चला भट्टीवर, लवकर!"

आणि इथं बारक्या भगतानं हात वर केला. "पाच दिस पुरे नाय झाले. शिव उद्या उगवतीला सुटंल."

शेठचा चेहरा बघण्यासारखा होता. तो फागीकडे वळला, "अगं, तू सांग ना याला!" फागी म्हणाली, "मी काय सांगू? देवीला फशिवायचं व्हय?" ती हसत होती की नाही, त्या उडालेल्या भुवईमुळे कळायचं नाही. त्या एका रात्रीपायी आणखी दोन भट्ट्या गेल्या.

गोळ्या मात्र थांबल्या नाहीत. मी दोरीबाहेर पेटी उघडून बसलो, आतून माणसं येत गेली. चालता येत होतं ती चालत, बाकीची झोळीतून, पाठीवरून. दोरीवरून हात पुढे यायचा, मी त्यावर गोळी ठेवायचो. नाव विचारलं नाही, आ करायला लावलं नाही. पोशीला मी दुखणं विचारलं तर म्हणाली, तापच हाय मला पण. तिलाही दिली. फागी रुपीला घेऊन रांगेत शेवटी आली. पुढे ये म्हटलं तर आली नाही. तोवर अंधारून आलं होतं. रुपीच्या दातांत चमचा घालून मी औषध आत सोडलं. चार दिवसांनी पोरीनं आईला हाक मारली.

ती पेटी पाड्यात राहिली. शेठ जाऊन दुसरा ठेकेदार आला, त्यालाही ती ठेवावी लागली. पुढच्या हंगामात खोडाळ्याकडच्या पाड्यांनीही आपली शिव बांधून पेटी मिळवली. सांगायला फागीच गेली होती, पायी, पोरीला बरोबर घेऊन. बिल्ला तिनं शेवटपर्यंत घेतला नाही. देतो म्हणाले तर म्हणाली, "मला कशाला? मी काय हरवणार हाय?" दोन वर्षांपूर्वी नागली लावताना शेतातच गेली. रुपी आता तिच्यासारखीच तळहात टेकवून भट्टी सांगते.

मुंबईच्या गृहस्थांचा चहा केव्हाच निवला होता. ते उठायला लागले. म्हटलं, थांबा, अजून मुद्द्याचं राहिलंय.

शिव सुटून पंधरा दिवस झाले आणि मुनीमालाच हिवताप भरला. स्वतःपुरत्या वेगळ्या ठेवलेल्या गोळ्या त्याच्याकडे होत्या, त्या संपल्या. शेठ मुंबईला. पेटी पाड्यात, आणि पाड्यात जाऊन मागायची त्याची छाती होईना. दोन दिवसांत माणूस पिवळा पडला, बडबडायला लागला. शेवटी मी गेलो.

बारक्याच्या अंगणात पाच-सहा जण बसले होते. मी सांगितलं. कोणीतरी विचारलं, "बिल्ला हाय का त्याच्याकडं?" आणि हशा पिकला.

फागी नागली पाखडत होती. तिनं सूप खालीही ठेवलं नाही. "मरू दे."

"असं नको गं म्हणू."

"मरू दे म्हटलं ना! माझ्या दाल्ल्याच्या गालावर बोटं उठवलीन. तोंडात वाकून बघायचा. तू बी होतास तिथं. जिवा गेला तवा हा कोठं होता? मरू दे मेल्याला!"

मी जायला वळलो. कोपऱ्यात पोशी बसली होती, शेंगा सोलत. तिनं मान वर न करता विचारलं, "फागे, माझ्या जिवाच्या मढ्यावर हात ठेवून काय म्हणालीस तू?"

फागीचं सूप थांबलं.

"सगळ्यांना म्हणालीस," पोशी म्हणाली. "त्याच्यात ह्यो येतो का नाय, तेवढं सांग. मला म्हातारीला कळत नाय."

फागी पोशीकडे बघत राहिली. मग सूप आपटून उठली, पेटीतून एक गोळी काढली, दाराच्या पळसाचं पान तोडून त्यात गुंडाळली आणि गालात ठेवली. मी म्हटलं, "अगं, माझ्याकडे दे ना, मी नेतो." तिनं नुसतं बघितलं, आणि चालायला लागली. अर्धा कोस ती पुढे, मी मागे. तोंड मिटलेलं. मी काही बोललो तरी उत्तर नाही.

मुनीम तीन कांबळ्यांखाली थडथडत होता. हा माणूस त्या लोकांच्या घागरीतलं पाणी शिवायचा नाही, स्वतःचं अन्न स्वतः रांधायचा. फागी त्याच्या उशाशी बसली. गालातून पान काढलं, उलगडलं, ओली गोळी त्याच्या तोंडासमोर धरली.

"तोंड उघड."

त्यानं गोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मग त्यानं तोंड उघडलं, मोठ्ठा आ केला, आणि त्या तापातच, मोठ्यानं, स्वतःचं नाव सांगायला लागला.

"नाव नको," फागी म्हणाली. "गिळ."